मधली काच बाजाराची

एका नगरीत एक कासार होता. नगरीचं नाव विचारू नका. सांगितलं तर तुम्ही नकाशा उघडून बसाल आणि गोष्ट राहील बाजूला. एवढंच लक्षात ठेवा, की नगरीत बाजार एकच होता, बाजारात कासारही एकच होता, आणि देव मात्र दर गल्लीला वेगळा.

तेल्याचा देव पूर्वेकडे तोंड करून बसलेला. कुंभाराचा पश्चिमेकडे. कासाराची देवी उत्तरेकडे बघायची. पिंजाऱ्याच्या देवाला रूपच नव्हतं, त्यामुळे तोंड कुठे करावं ही भानगडच नव्हती. देवांचं आपसात बरं चाललं होतं. भांडण होतं ते त्यांच्या पाया पडणाऱ्यांचं.

एका वर्षी दिव्यांचा सण आला. तेली म्हणाला, "पश्चिमवाल्यांना मी तेल घालणार नाही. माझ्या देवाला खपत नाही." कुंभार म्हणाला, "असं? मग पूर्ववाल्यांना माझी पणती नाही." पिंजारी म्हणाला, "तुम्ही दोघंही जा. माझ्या कापसाची वात तुम्हाला नाही." झालं! तेल तेल्याकडे, पणत्या कुंभाराकडे, वाती पिंजाऱ्याकडे, आणि अख्ख्या नगरीत काळोख. त्या काळोखात शास्त्रीबुवा ओवाळून घ्यायला बहिणीकडे निघाले, ते गोठ्यात शिरले आणि म्हशीपुढे पाट मांडून बसले. म्हैस बिचारी गरीब होती. तिने ओवाळलं नाही, पण चाटलं.

त्या नगरीवर एक राणी राज्य करायची. अंगाने भरलेली आणि डोक्याने त्याहून भरलेली. तिने दुसऱ्या दिवशी दवंडी पिटवली:

"ऐका हो ऐका! ज्याने सकाळी दुकानाच्या फळ्या काढल्या, त्याने दारात येईल त्याला माल द्यावा. ज्याला माणसं निवडायची हौस असेल, त्याने फळ्या लावून घरात बसावं आणि पाहुणे निवडावे!"

बाजार कुरकुरला. तेल्याने तर महिनाभर तोंड असं केलं होतं, जसं काही स्वतःचंच तेल प्यायलाय. पण एका माणसाने या हुकमावर टाळ्या वाजवल्या, तो म्हणजे आपला कासार. कारण तेली त्यालाही तेल देत नसे, आणि त्याची देवी दुकानातल्या कोनाड्यात कित्येक वर्षं अंधारात बसली होती. दवंडी झाली त्याच दिवशी तो बुधला घेऊन तेल्याकडे गेला. तेल्याने नाक मुरडलं, पण माप भरून तेल दिलं. कोनाड्यात दिवा लागला, तेव्हा कासाराच्या डोळ्यांना धारा लागल्या. बायकोने विचारलं, तर म्हणाला, "धूर गेला." नवीन तेलाच्या दिव्याला कसला आलाय धूर?

आता या कासाराच्या हाताविषयी सांगायला हवं. असा हात पुन्हा झाला नाही. राणीचं मनगट म्हणजे केळीचा गाभा; परगावचे कासार बघूनच घाम पुसायचे. हा मात्र तिच्यासमोर घोंगडीवर बसायचा, तिचा हात हातात घ्यायचा आणि गप्पा सुरू करायचा.

"काय राणीसाहेब, युद्धबिद्ध?"

"नाही रे."

"मग सासूबाई आल्यात वाटतं."

राणी हसायची. हसली की हात सैल पडायचा, आणि तेवढ्यात अंगठ्याखालचा उंचवटा हळूच दाबून त्याने बांगडी मनगटावर सरकवलेली असायची. हेच त्याचं सगळं कसब. काच हसऱ्या हातातून जाते, ताठ हातात पिचते. नगरीतल्या सगळ्या बायका त्याला मामा म्हणायच्या. नवऱ्याला जे सांगता येत नाही ते मामाला सांगायच्या, आणि मामा ते कुणाला सांगत नसे. एवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा त्याला सोन्याचं कडं द्यायला हवं होतं, पण कोण देतो?

लग्नाचा हिरवा चुडा भरायची त्याची रीत वेगळी होती. पहिली बांगडी कपाळाला लावून तो देवीचं नाव घ्यायचा. मग सगळा चुडा भरायचा. शेवटी नवरी वाकून नमस्कार करायची, आणि तो तिच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद द्यायचा. मामाचा आशीर्वाद लागतो, असं सगळी नगरी म्हणायची.

आणि त्याच्या घराण्याचा एक नेम होता. हिरवा चुडा बाईच्या हातात एकदाच भरायचा. दुसऱ्यांदा नाही. बापाने मरताना देवीपुढे त्याच्याकडून तशी शपथ घेतली होती. कासार ती पाळायचा, मनापासून पाळायचा. ढोंगी नव्हता हो. ढोंगी असता तर गोष्ट सोपी झाली असती, आणि आपण सगळे एव्हाना जेवायला बसलो असतो.

त्याच बाजारात एक पत्रावळीवाली होती. पळसाची पानं टाचून पत्रावळी करायची आणि विकायची. तिचा नवरा नावाडी होता. लग्नाच्या पहिल्याच वर्षी नदीला पूर आला आणि नावेसकट त्याला घेऊन गेला. त्यानंतर ती कितीतरी वर्षं पानं टाचत बसली. तिच्या समोरच एका नालबंदाचं दुकान होतं. बैलांना नाल ठोकायचा. अंगाने रेडा, मनाने कोकरू. तो रोज तिच्याकडून पत्रावळी घ्यायचा. घरी स्वतः काशाच्या ताटात जेवायचा, मग पत्रावळी जायच्या कुठे? नाल ठोकायला आलेले बैल खायचे. नगरीतले बैल त्या काळी फार खूश असायचे.

एक दिवस पत्रावळीवालीने त्याला विचारलं, "काय हो, तुमच्याकडे रोज पंगत असते का?"

नालबंद लाल झाला. म्हणाला, "पंगत नाही. पण... बसवायची इच्छा आहे. एकदाच. मांडवातली."

असं ठरलं लग्न. नालबंदाची आई म्हातारी, कडक, पण न्यायाची. ती म्हणाली, "नवरा गेलेली आहे, त्याला माझी ना नाही. माझाही गेलाय, मी काय त्यासाठी पाप केलं होतं? पण आमच्या घराची एक रीत आहे. कासाराच्या हातचा चुडा भरल्याशिवाय सून उंबरा ओलांडत नाही. स्वतः चढवलेल्या बांगड्या मी चुडा मानत नाही. परवा मुहूर्त आहे. चुडा भरून ये, मी माप ओलांडायला ठेवते."

पत्रावळीवाली आनंदाने कासाराच्या दुकानापुढे जाऊन बसली आणि दोन्ही हात पुढे केले.

"मामा, हिरवा चुडा भरा."

कासाराने तिच्याकडे पाहिलं आणि पुढे केलेला हात मागे घेतला.

"पोरी, तुझा चुडा मीच भरलाय."

"तो पुरात गेला मामा. नावेबरोबर."

"काच गेली असेल. चुडा एकदाच असतो. माझ्या देवीचा नेम आहे. रोजच्या बांगड्या हव्या तेवढ्या घाल, निळ्या घाल, पिवळ्या घाल. हा नाही."

"मग मी लग्न कसं करू? तुमच्या हातच्या चुड्याशिवाय सासू उंबरा ओलांडू देत नाही."

कासार वाईट माणूस नव्हता. तो खाली वाकून हळूच म्हणाला, "असं कर. मी हिरव्या बांगड्या फडक्यात बांधून मागच्या दाराने तुझ्या घरी पाठवतो. तू घरीच चढव. मी भरल्या असं म्हातारीला वाटेल. मला शपथ मोडायला नको, तुला लग्न मोडायला नको."

पत्रावळीवालीचा चेहरा तांबडा झाला.

"मामा, मी काय चोरून लग्न करतेय? बाकीच्या पोरी पुढच्या दाराने, आणि मी मागच्या? तुमच्या देवीच्या भंडाऱ्याला दर वर्षी पत्रावळी कुणाच्या येतात?"

"तुझ्या."

"त्या मी कधी मागच्या दाराने पाठवल्या?"

कासाराने बांगड्यांची चळत सारखी केली. रांगेतल्या बायकांनी माना वळवल्या. ऐकू यावं, पण ऐकतोय असं दिसू नये, अशा. पण पत्रावळीवालीने हात मागे घेतले नाहीत. ती तशीच बसून राहिली. तेवढ्यात नालबंद हातोडा घेऊन आला.

"काय झालं? नाही भरत? अहो, मी बैलांना नाल ठोकतो, मी घालतो हिच्या हातात!"

"तुम्ही गप बसा," पत्रावळीवाली म्हणाली. "माझे हात आहेत, खूर नाहीत."

बातमी राणीपर्यंत गेली. बाजारातली बातमी चालत जात नाही, ती उडते. राणीने मेणा मागवला नाही. पायीच आली, घामाघूम झाली आणि कासाराच्या दुकानाच्या लाकडी ओट्यावर बसली. ओटा कुरकुरला.

"बोल कासारा."

कासार हात जोडून उभा राहिला. पण आवाज खाली नव्हता त्याचा.

"राणीसाहेब, तुमचा हुकूम सगळ्यांत आधी मी मानला. टाळ्याही मीच वाजवल्या. पण बांगडी विकणं हा धंदा आहे, चुडा भरणं ही माझी पूजा आहे. मी पहिली बांगडी देवीच्या नावाने भरतो आणि शेवटी देवीच्या नावाने आशीर्वाद देतो. तुमचा हुकूम धंद्यावर चालतो. पूजेवर कसा चालेल?"

गर्दीत कुजबुज झाली. अर्धे म्हणाले, बरोबर आहे. उरलेले अर्धे म्हणाले, चूक आहे. आणि काही असेही होते ज्यांनी दोन्हीकडे माना हलवल्या. असे प्रत्येक गर्दीत असतात आणि त्यांच्या माना कधी दुखत नाहीत. शास्त्रीबुवांनी पोथी उघडली. एका पानावर 'भरावा' निघालं, दुसऱ्यावर 'भरू नये' निघालं. बुवांनी पोथी मिटली आणि "गहन आहे" म्हणून सुपारी तोंडात टाकली.

राणीने पत्रावळीवालीकडे पाहिलं. "तुझं काय म्हणणं?"

"राणीसाहेब, मला त्यांची देवी नको. माझा देव वेगळा आहे. मला चुडा हवाय, सगळ्यांना मिळतो तसा, सगळ्यांसमोर. मीही बाजारात बसते. माझ्याकडे कुणी पत्रावळ मागायला आलं, की मी विचारत नाही, तू कुणाच्या पाया पडतोस, पंगत लग्नाची आहे का तेराव्याची. भुकेला माणूस येतो, मी पान देते."

"आणि उद्या मी तुला सूट दिली, की कासाराला पत्रावळी देऊ नकोस, तर?"

 खोटं बोलायचं पत्रावळीवालीच्या तोंडावर आलं होतं, पण ती खरंच बोलली.

"आज मनात आलं असतं तसं. पण दिल्या असत्या. जेवायला आलेल्या लोकांनी काय केलंय?"

राणी कासाराकडे वळली. "मला सांग, तू चुडा फक्त तुझ्या देवीच्या भक्तांना भरतोस का?"

"नाही. तेल्याच्या लेकीला भरला, कुंभाराच्या सुनेला भरला."

"त्यांना देवीपुढे उभं करून विचारलंस, की बायांनो, तुमचा देव कुठे बघतो?"

"नाही बा."

"मग तुझी पूजा नेमकी कुठे आहे? बांगडी कपाळाला लावून नाव घेतोस, तिथे?"

"हो."

"शेवटी डोक्यावर हात ठेवतोस, तिथे?"

"हो राणीसाहेब. तिथे तर नक्की."

राणीने डोळे मिटले. लोकांना वाटलं झोपली. दुपारची वेळ होती आणि राणीचं जेवण तालेवार असायचं. पण ती जागी होती. डोळे उघडून ती म्हणाली:

"ऐक. तू घेतोस ते नाव तुझं. तू देतोस तो आशीर्वाद तुझा. तिथे माझा शिपाई पोहोचत नाही, आणि पोहोचला तर मी त्याचे पाय बांधीन. हिच्यासाठी देवीचं नाव घेऊ नकोस. हिला आशीर्वाद देऊ नकोस. तुझ्या मनाला पटत नसेल तर कुणी मागणार नाही. पण त्या दोन्हींच्या मध्ये जी काच आहे ना, ती बाजाराची आहे. जी तेल्याच्या लेकीला भरलीस, ती हिलाही भर. पुढच्या दाराने."

गर्दीतला एक कापडवाला पुढे घुसला. त्याला दुसऱ्याच्या भांडणात आपलं सूत कातायची सवय होती. "मग राणीसाहेब, हा काळ्या बांगड्या ठेवत नाही! मी मागतोय कधीचा. आणि देवीच्या दिवशी दुकान बंद ठेवतो. त्यालाही हुकूम करा!"

"काळ्या बांगड्या तो कुणाला विकतो?"

"कुणालाच नाही."

"मग तुलाही नाही. देवीच्या दिवशी दुकान कुणासाठी उघडं असतं?"

"कुणासाठीच नाही."

"मग तूही घरी बस. जे तो कुणालाच देत नाही, ते त्याच्याकडून ओढून घ्यायला मी बसलेली नाही. जे सगळ्यांना देतो, ते एकीला नाकारायला तोही बसलेला नाही. कळलं?"

कापडवाल्याला कळलं नाही, पण त्याने मान हलवली.

कासार म्हणाला, "आणि मला हे जमलं नाही तर?"

"तर फळ्या लाव. तुला कुणी कैदेत टाकणार नाही. घरी बस, देवीची पूजा कर, मी तुला वाईट म्हणणार नाही. पण मग दुकान कुणासाठीच नाही. माझ्यासाठीसुद्धा." राणीने आपल्या भरल्या मनगटाकडे पाहिलं आणि उसासा टाकला. तो उसासा खरा होता.

आता सगळं कासारावर आलं. त्याने कोपऱ्यातली एक फळी उचलली. बायकांच्या तोंडून "अगं बाई" निघालं. फळी खांद्याला लावून तो उभा राहिला. लावावी तर इतक्या वर्षांचं दुकान गेलं, रांगेतले हात गेले, 'मामा' म्हणणं गेलं. न लावावी तर बापापुढे घेतलेली शपथ गेली. हसण्यासारखं काही नव्हतं त्यात. गर्दीतले लोकही हसायचे थांबले.

फळी तशीच भिंतीला टेकवून तो आत गेला, कोनाड्यापुढे. देवीला विचारायला. देवी काही बोलली नाही. देव कधी बोलत नाहीत. बोलतात ते त्यांचे पुजारी, आणि त्या वेळी पुजारी बाहेर सुपारी चघळत होते. कासाराला दिसला तो दिवा. शांत, सरळ ज्योत. उत्तरेकडे बघणाऱ्या देवीपुढे पूर्वेकडे बघणाऱ्या देवाच्या माणसाचं तेल जळत होतं. ते काही तेल्याने प्रेमाने दिलं नव्हतं. तेल्याचा देव त्यासाठी बदलला नव्हता, तेल्याने देवीला हात जोडले नव्हते. त्याने नाक मुरडलं होतं आणि माप भरून दिलं होतं. आणि तेवढ्याने देवीपुढचा काळोख गेला होता.

कासार बाहेर आला. त्याने फळी उचलली आणि ती परत कोपऱ्यात नेऊन ठेवली.

"देवीपुढे दिवा जळतोय राणीसाहेब," तो म्हणाला. "या हुकमाचं तेल मला चालतं, आणि याच हुकमाची काच मला चालत नाही, असं तिच्यासमोर उभं राहून मला म्हणता येईना. बस पोरी. हात पुढे कर. पण नाव मी घेणार नाही. आशीर्वादही देणार नाही. त्या दोन्हींशिवाय ही नुसती काच; देवीच्या नावाचा चुडा एकदाच, ती शपथ मी धरून आहे."

"मला नकोच," पत्रावळीवाली म्हणाली. "मागून घेतलेला आशीर्वाद काय कामाचा?"

आणि तिने हात पुढे केला. तिला वाटलं, जिंकले. कासाराला वाटलं, सुटलो. दोघंही फसले.

पहिली बांगडी पिचली. दुसरी पिचली. हिरव्या काचेचे तुकडे घोंगडीवर पडले. बायकांनी तोंडाला पदर लावला. लग्नाच्या चुड्याची काच फुटणं म्हणजे अपशकुन. नालबंदाची म्हातारी पुढे येऊन बसली होती, ती डोळे बारीक करून बघू लागली. कुणीतरी मागून म्हणालं, "देवीला मान्य नाही!"

कासाराचाही चेहरा उतरला. त्यालाही तेच वाटलं. तिसरी बांगडी घेतली, तीही पिचली.

तेव्हा पत्रावळीवाली म्हणाली, "मामा, देवीला उगाच बोल लावू नका. तुम्ही गप्प बसलाय. तुम्ही कधी गप्प बसून बांगड्या भरल्यात का?"

खरंच की! हुकूम काच भरायचा होता, म्हणून मामा फक्त काचच भरत होते. तोंड घट्ट मिटून, नजर खाली घालून, जसं काही दगडाला बांगड्या घालतायत. आणि तिचा हातही रागाने दगडच झाला होता. अशा दोन दगडांमध्ये काच कशी टिकणार?

"काय बोलू?" कासार म्हणाला.

"मागच्या वेळी काय बोलला होतात?"

कासाराने तिच्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाला, "मागच्या वेळी तू रडत होतीस. माहेर सुटतंय म्हणून. मी म्हटलं, रडू नकोस, नावाड्याची बायको रडली तर नदीला वाटतं आपल्यालाच पाणी कमी पडलं."

"हो. आणि मी हसले होते."

"आणि मग तो पूर..." कासाराने हातातली बांगडी खाली ठेवली. "पोरी, तुझ्या डोक्यावर मी हात ठेवला होता. सगळी नगरी म्हणते माझा आशीर्वाद लागतो. तुझ्या बाबतीत कुठे गेला होता तो? त्या वर्षापासून तू समोरून गेलीस की मी मान खाली घालतो."

"मला वाटायचं, माझी सावली नको म्हणून घालता."

"नाही गं. मला तुझ्याकडे बघवत नव्हतं."

पत्रावळीवालीचे डोळे भरले. पण ती बाजारात बसणारी बाई होती. डोळ्यांतलं पाणी तिथे फार वेळ ठेवून चालत नाही. ती म्हणाली, "मामा, पूर तुमच्या आशीर्वादाला विचारून येत नाही. आणि या वेळी मी काळजी घेतलीय. नवरा असा निवडलाय, की तो नावेत बसला तर नावच आधी नकार देईल."

कासाराच्या तोंडून हसू फुटलं. मग राणी हसली, ओटा कुरकुरला. नालबंद सगळ्यांत शेवटी हसला, कारण त्याला विनोद सगळ्यांत शेवटी कळला. तिचा हात सैल पडला, आणि त्याच क्षणी मामांनी अंगठ्याखालचा उंचवटा दाबून बांगडी मनगटावर सरकवली. मग दुसरी. मग हिरवी काच अशी सरसर चढत गेली, की बघणाऱ्यांना वाटलं, वेलीला पानं फुटतायत. मध्ये मामांनी सासूची चौकशी केली, सासू समोरच बसली होती तरी. म्हातारीही गालातल्या गालात हसली.

दोन्ही हात भरले. पत्रावळीवालीने हात हलवून पाहिले. काच किणकिणली. ती उठली. आता वाकून नमस्कार करायची वेळ होती. ती वाकली नाही. शब्द दिला होता, तो तिने पाळला. सरळ उभी राहून म्हणाली, "येते मामा."

पण मामांचा हात मात्र सवयीने वर गेला होता. इतकी वर्षं या घटकेला तो वर जायचा, आजही गेला. आणि हवेतच थांबला. डोक्यावर ठेवावा तर शपथ मोडते. खाली घ्यावा तर... तसा घेववेना. सगळा बाजार त्या हाताकडे बघत होता. शास्त्रीबुवा सुपारी चावायचे थांबले. राणीने मुद्दाम दुसरीकडे, तेल्याच्या दुकानाकडे पाहिलं. कारण तो हात तिच्या हुकमाखाली येत नव्हता, हे तिला सगळ्यांहून जास्त ठाऊक होतं.

शेवटी त्या हाताने मामांनी आपलं पागोटं नीट केलं, जसं काही तेवढ्यासाठीच तो वर गेला होता. आणि म्हणाले, "हळू जा गं पोरी. वाटेत दगड आहेत. हातात काच आहे."

ती हळू गेली. म्हातारीने तिच्या मनगटावरची काच उन्हात धरून पाहिली, आणि म्हणाली, "भरलाय बरं का नीट." मुहूर्ताच्या दिवशी माप ओलांडून पत्रावळीवाली घरात आली.

पुढे त्या कासाराने आणखी कितीतरी जणींना दुसऱ्यांदा चुडे भरले. देवीचं नाव त्यांच्यासाठी कधी घेतलं नाही, आशीर्वाद कधी दिला नाही, आणि कुणी कधी मागितला नाही. शपथ त्याची शेवटपर्यंत शाबूत राहिली, दुकानही शेवटपर्यंत उघडं राहिलं. अशी दोन ओझी एकाच खांद्यावर, तीही न लवंडता, फार थोड्यांना पेलतात. हसत पेलणारे त्याहून थोडे. मात्र अशा प्रत्येकीला जाताना "हळू जा" म्हणायला तो विसरला नाही. शास्त्रीबुवांनी पुष्कळ दिवस पोथी चाळली, की 'हळू जा' हे आशीर्वादात धरायचं की नाही. सापडलं नाही. बुवांना अजून गहन वाटतं. त्या बायकांना कधीच वाटलं नाही.

तात्पर्य, ज्यांना गोष्ट ऐकूनही लागतंच त्यांच्यासाठी: देव्हारा ज्याचा त्याचा, पण उघडं दुकान दारात येईल त्याचं. म्हणून माल हक्काने मागावा, आणि आशीर्वाद मात्र देणाऱ्याच्या मनावर सोडावा.